आयटी पार्कच्या आधी पहिली ऑर्डर

सोलापूरला आयटी पार्क होणार अशी घोषणा २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केली. तेव्हापासून ओळखीचं कुणीही भेटलं की विचारतं, "आता तुमच्या लोकांना चांगले दिवस येणार, काय?" तुमचे लोक म्हणजे सोलापुरात बसून सॉफ्टवेअर बनवणारे. माझी कंपनी लहान आहे. टॉवेल, चादर आणि गणवेशाच्या कारखान्यांत सूत किती आलं, माल कुठल्या टप्प्यावर अडकलाय, कुणाकडून किती येणं आहे, याचा हिशेब ठेवणारी प्रणाली आम्ही तयार करतो. वालचंद इन्स्टिट्यूटमधून मी इंजिनिअर झाले, पुण्यात हिंजवडीला नोकरी केली आणि परत आले. त्यामुळे पार्क व्हावा, असं मला मनापासून वाटतं. वंदे भारत २०२३ पासून धावते आहे, २०२५ मध्ये आधी गोव्याची आणि मग मुंबईची विमानसेवा सुरू झाली, याचाही आनंद आहे. बाहेरगावचा ग्राहक सोलापूरला यायला आता पूर्वीइतका कंटाळत नाही.

पण इमारत उभी राहिली की कंपन्या आपोआप जन्माला येतील, हे मला पटत नाही. नवी कंपनी जगते ती पहिल्या गिऱ्हाइकावर. जागा, हुशार पोरं, पैसा हे सगळं या शहरात आहे. ओळख नसलेल्या नव्या कंपनीला पैसे मोजून पहिलं काम देणारा कारखानदार मात्र शोधून सापडत नाही. पार्कमधल्या गाळ्यांचं भाडं किती असावं यावर बैठका होतील, व्हायलाच हव्यात. त्या बैठकांत हा विषय कुणी काढत नाही, म्हणून हा लेख.

उद्योगाचा विषय निघाला की सोलापुरात शेठ वालचंद हिराचंद यांचं नाव आदरानं घेतलं जातं. ते याच शहरात १८८२ साली जन्मले. १९१९ मध्ये त्यांच्या सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली, १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना उभा राहिला, विशाखापट्टणमला जहाजबांधणी, मुंबईत प्रीमियर मोटारी. भाषणांत एवढंच येतं. मला त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वडिलांच्या कापसाच्या आणि सावकारीच्या धंद्यात मन न रमलेला हा विशीतला तरुण लक्ष्मणराव फाटक नावाच्या, रेल्वेत कारकुनी केलेल्या माणसाला भागीदार म्हणून घेतो आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट मिळवतो. अरुंद रुळांची छोटी गाडी, जवळपासचंच काम. विमान आणि बोट फार नंतरची. बार्शीच्या त्या कामाच्या वेळी फाटक-वालचंद यांच्याकडे दाखवायला मोठं असं काही नव्हतं. तरी कुणीतरी त्यांना काम दिलं, मोजून घेतलं आणि पैसे चुकते केले. पुढचा सगळा इतिहास त्या एका होकारानंतरचा आहे.

आज त्याच वयाचा मुलगा किंवा मुलगी एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात जाते तेव्हा काय होतं, ते मला रोजच्या रोज दिसतं. चहा मिळतो, कौतुक होतं. "आधी तीन-चार महिने चालवून बघतो, मग पैशाचं बोलू," असं सांगितलं जातं. फुकट दिलेली वस्तू कारखान्यात कुणी मनावर घेत नाही. मुकादमाला तिची सक्ती नसते, दिवाणजी आपली वही सोडत नाहीत, आणि चार महिन्यांनी "आमच्याकडे काही चाललं नाही बघा" असा निकाल लागतो. त्याच मालकानं मुंबईच्या कंपनीला तशाच कामासाठी लाखांत आगाऊ रक्कम दिलेली असते, आणि पैसे गेलेत म्हटल्यावर ती प्रणाली चालावी यासाठी तो स्वतः रोज मागं लागतो. एवढ्या एका गोष्टीवर काम तरतं की बुडतं, हे ठरतं.

आमचं नशीब असं की आम्हाला पैसे देऊन काम सांगणारा माणूस भेटला. सोलापूरच्या पूर्व भागातले टॉवेलचे कारखानदार, घरात तेलुगू, धंद्यात मराठी, हिंदी दोन्ही. त्यांची अडचण घटीची होती. टॉवेलच्या धंद्यात सगळा हिशेब वजनावर चालतो. सुताच्या गोण्या वजनानं येतात, त्यांचे बीम भरतात, कांड्या होतात, माल बाहेरच्या मागवाल्यांकडे विणायला जातो, तिथून ब्लीचिंग आणि रंगाईला, मग शिलाई, पॅकिंग. प्रत्येक टप्प्यावर वजन थोडं घटतं. किती घटणं रास्त आणि कुठून पुढे संशय घ्यायचा, यावरून मालक आणि मागवाला यांचे संबंध तुटतात. त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात भांडण ठरलेलं. एप्रिल-मेमध्ये घट वाढायची, मालकांना वाटायचं सूत बाहेर जातंय.

आम्ही कारखान्यात बसून नोंदी बघत होतो, तेव्हा वजनकाट्यापाशी उभे असलेले म्हातारे मुकादम म्हणाले, "उन्हाळ्यात सूत वाळतंय की ओ मॅडम. चोरी कसली त्यात?" त्यांचं म्हणणं शास्त्रानं पक्कं होतं. कापसाचं सूत हवेतला ओलावा धरून ठेवतं. कोरड्या सुताच्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरावा असा कापड व्यवहाराचा मान्य हिशेब आहे. सोलापूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की हा ओलावा पाच टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. म्हणजे शंभर किलो सुतामागे तीन किलो नुसतं हवेत गेलं. पावसाळ्यात तेच सूत जड होतं, आणि तेव्हा खरी चोरी झाली तरी हिशेबात दिसत नाही. आम्ही काट्याशेजारी हवेतली आर्द्रता मोजणारं साधं यंत्र लावलं आणि वजनाच्या प्रत्येक नोंदीबरोबर तेही टिपायची सोय केली. मागांच्या खडखडाटात फोनवर बोलून नोंद करणं शक्य नसतं, म्हणून पडद्यावर मोठे आकडे, मोठी बटणं आणि तेलुगू, मराठी दोन्ही लिपी. पुढच्या उन्हाळ्यात त्या कारखान्यात घटीवरून भांडण झालं नाही.

हे काम बंगळूरच्या एखाद्या मोठ्या कंपनीला जमलं नसतं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे आमच्यापेक्षा हुशार माणसं आहेत. पण त्या मुकादमांच्या शेजारी मे महिन्याच्या दुपारी उभं राहायला त्यांचं कुणी आलं नसतं, कारण एवढ्याशा ऑर्डरसाठी येणं त्यांना परवडत नाही. सोलापूरच्या कंपनीचं बलस्थान हेच आहे. या जिल्ह्यात सोडवायच्या अडचणींना तोटा नाही. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि त्याच्या आजूबाजूला तेल्या रोगानं हैराण झालेले बागायतदार आहेत. जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे आणि ऊसवाल्याच्या मनात वजनकाट्याबद्दलची शंका कायम आहे. पंढरपूरला आषाढीत लाखो माणसं एका गावात उतरतात. शहरात काही दिवसांआड येणारं पाणी आपल्या पेठेत नेमकं कधी सुटणार, हे बाईमाणसाला आदल्या रात्री कळलं तर तिचा अख्खा दिवस वाचतो. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एकेका कंपनीचं पोट आहे, फक्त कुणीतरी पहिलं काम द्यायला हवं.

"तंत्रज्ञानाचा उद्योग सोलापुरातून होत नाही" असं म्हणणाऱ्यांना मी चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक चक्कर मारायला सांगते. यतीन शहा यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स तिथे आहे. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातल्या झडपा नेमक्या क्षणी उघडणारा आणि मिटवणारा दांडा. त्याच्या मापात केसाएवढा फरक चालत नाही. हे दांडे सोलापुरातून फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई, मारुती अशा कंपन्यांकडे गेले, आणि २०१६ च्या सुरुवातीला ही कंपनी शेअर बाजारात आली. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नसतं, त्यामुळे हा दांडाही नसतो. ते ओळखून कंपनीनं २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या इमॉस या इलेक्ट्रिक ट्रकच्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. बालाजी अमाइन्सही इथलीच, १९८८ ची. रसायनं आणि औषधांना लागणारी अमाइन्स त्यांनी देशी तंत्रावर करून दाखवली.

मोटारींच्या धंद्यात नव्या पुरवठादाराला काम देण्याची पद्धत फार शिकण्यासारखी आहे. कुणी कुणावर उपकार करत नाही. आधी कारखाना तपासतात, मग नमुने मागवतात, मापं घेतात, पुन्हा नमुने मागवतात, थोडा माल लावून बघतात आणि मग ऑर्डर वाढवतात. नाव मोठं की छोटं, गाव कुठलं, याला तिथे दुय्यम स्थान असतं. परदेशातल्या मोटार कंपन्या या चाळणीतून सोलापूरच्या कंपनीचा माल घेतात. मग सोलापूरच्या कारखानदारानं सोलापूरच्याच नव्या कंपनीला निदान चाळणीत उभं राहू द्यायला काय हरकत आहे? तपासा, नाकारा, दुरुस्त करून आणायला सांगा. दार तेवढं उघडं ठेवा.

कैलास काटकर यांचं उदाहरण मी कॉलेजात बोलायला जाते तेव्हा नेहमी देते. साताऱ्याकडचा, दहावीनंतर शिक्षण सुटलेला मुलगा पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करायला लागतो. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडतात, धाकटा भाऊ संजय त्यावर प्रोग्राम लिहितो आणि त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहते. २०१० मध्ये सिकोया कॅपिटल या गुंतवणूकदार कंपनीनं तिच्यात ६० कोटी रुपये घातले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. मुलं ६० कोटींचा आकडा लक्षात ठेवतात. मी त्यांना त्याआधीची वर्षं मोजायला लावते. नव्वदच्या दशकापासून पैसा गिऱ्हाइकाकडून येत होता, म्हणून गुंतवणूकदार आले. हल्ली स्पर्धेत बक्षीस मिळालं, निधी मिळाला की पोरं उद्योजक झाल्यासारखी वागतात. बक्षिसाचा चेक आणि बिलाचा चेक यांत फरक आहे. बिलाचा चेक देणारा माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करतो, तक्रार करतो, आणखी काहीतरी मागतो. त्या तक्रारींतूनच वस्तू घडते.

कारखानदारांची बाजूही मी ऐकलेली आहे आणि ती खोटी नाही. एक मालक मला स्पष्ट म्हणाले, "काम चांगलंय तुमचं. पण उद्या तुमची पोरं पुण्याला गेली तर माझा कारखाना कुणी बघायचा?" ही भीती अनुभवातून आलेली आहे. एकट्या पोरानं केलेलं सॉफ्टवेअर, तो नोकरीला गेला, पासवर्डसुद्धा कुणाला माहीत नाही आणि ऐन दिवाळीच्या डिस्पॅचमध्ये सगळं बंद, असं या शहरात झालेलं आहे. त्यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. मूळ कोड आणि सगळे पासवर्ड कारखान्याच्या ताब्यात द्यायचे, तसं करारात लिहायचं. त्या कामाची माहिती कंपनीतल्या किमान दोघांना असली पाहिजे. माहिती रोज कारखान्याच्या स्वतःच्या डिस्कवर उतरली पाहिजे. वर्षाच्या देखभालीचे पैसे वेगळे ठरवायचे, म्हणजे पोरांना इथे राहायला कारण उरतं. आम्ही या अटी स्वतःहून करारात घालतो. नव्या मुलांनी मालकानं विचारायच्या आधी हे पुढे करावं. विश्वास मागून मिळत नाही, कागदावर उतरवून द्यावा लागतो.

पैसे वेळेवर देणं हा दुसरा भाग, आणि माझ्या मते पहिल्याइतकाच मोठा. एका मोठ्या कारखान्यानं आमचं झालेलं, त्यांच्याच माणसांनी पास केलेलं काम वापरलं आणि बिल वर्ष उलटेपर्यंत अडवून ठेवलं. त्या काळात आम्ही पगार कर्ज काढून दिले. दोन चांगली मुलं सोडून गेली, आणि मला त्यांचा राग आला नाही, कारण घरी हप्ते त्यांनाही होते. मोठ्या कारखान्याला दोन लाखांचं बिल म्हणजे खातेवहीतली एक ओळ. पाच माणसांच्या कंपनीला तो श्वास आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यात स्पष्ट आहे की लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. २०२४ पासून आयकराचाही नियम आला आहे: सूक्ष्म आणि लघू उद्योगाचं बिल त्या मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च उत्पन्नातून वजा धरता येत नाही. कापडधंद्यात यावर बरीच ओरड झाली, उधारीवर चालणाऱ्या बाजाराला तो जाच वाटला. मला तो नियम योग्य वाटतो. फक्त लहान कंपनी त्याचा आधार घेऊन तक्रार करायला धजत नाही, कारण तक्रार केली की पुढचं काम गेलं. म्हणून हा विषय कायद्यावर सोडून चालणार नाही. चेंबरमध्ये, यंत्रमागधारकांच्या आणि गणवेशवाल्यांच्या संघटनांमध्ये तो आपसात ठरला पाहिजे.

सरकारकडूनही एक चांगली पद्धत घेता येईल. राज्याची नावीन्यता सोसायटी २०१८ पासून स्टार्टअप सप्ताह भरवते. त्यात निवडल्या गेलेल्या २४ कंपन्यांना भाषण आणि ढाल देऊन परत पाठवत नाहीत. त्यांना सरकारी खात्यात आपली वस्तू लावून दाखवण्यासाठी लाखो रुपयांचं काम मिळतं. सरकारनं दिलेल्या सवलतींपैकी मला ही सर्वांत उपयोगाची वाटते, कारण त्यातून मिळतो तो पहिला ग्राहक. हेच जिल्ह्याच्या पातळीवर का होऊ नये? माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, आणि २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. एका खेड्यातली कल्पना राज्यभर पोचली, कारण ती विकत घेण्याची, राबवण्याची ताकद असलेल्या यंत्रणेनं तिला हो म्हटलं. आपल्या विद्यापीठात इन्क्युबेशन केंद्र आहे, इंजिनिअरिंग कॉलेजांत दरवर्षी प्रकल्पांची प्रदर्शनं लागतात. तिथे पाहुणे म्हणून कारखानदार येतात, फीत कापतात. येताना त्यांनी आपल्या कारखान्यातली एक अडचण कागदावर लिहून आणावी आणि ती सोडवण्याचे किती पैसे देणार, तो आकडाही त्याच कागदावर लिहावा. माझी खात्री आहे, त्या वर्षीच्या प्रकल्पांचा दर्जा बदलेल.

दर रविवारी रात्री पुण्याकडे निघणाऱ्या गाड्या आपल्या पोरांनी भरलेल्या असतात. त्यांनी जाऊ नये असं मी कधी म्हणत नाही. मीही गेले होते, आणि मोठ्या कंपनीत काम कसं तपासलं जातं, वेळा कशा पाळल्या जातात, हे तिथेच शिकले. पण परत यायची इच्छा असलेल्यांनी कुणाच्या भरवशावर यायचं? ज्यांनी मला फोन करून हे विचारलं, त्यांना मी एकच सांगते: येण्याआधी एक गिऱ्हाईक ठरवून या. ऑफिस, फर्निचर, कंपनीचं चिन्ह नंतर बघू. सुट्टीत आलात की सात दिवस एका कारखान्यात बसा, वजनकाट्यापाशी, पॅकिंगच्या टेबलापाशी, आणि काय अडतंय ते बघा. मालकाशी शेवटच्या दिवशी बोला, आधी मुकादमांशी बोला. आणि फुकट काम करू नका. थोडे का होईना, पैसे घ्या.

कारखानदारांना आणि डॉक्टरांना, साखर कारखान्यांच्या संचालकांना, बागायतदारांच्या संघांना माझी विनंती अगदी नेमकी आहे. येत्या आर्थिक वर्षात तुमच्या खरेदीच्या यादीत एक काम सोलापूर जिल्ह्यातल्या नव्या कंपनीसाठी राखून ठेवा. काम लहान असू द्या, पण अडचण खरी असू द्या. तीन महिन्यांची मुदत घाला, काय झालं म्हणजे काम पूर्ण झालं ते आधी लिहून घ्या, निम्मी रक्कम आगाऊ द्या. काम पसंत पडलं नाही तर तोंडावर सांगा आणि तिथेच थांबवा. पसंत पडलं तर उरलेली रक्कम ४५ दिवसांच्या आत द्या आणि शेजारच्या कारखानदाराला त्या मुलांचा फोन नंबर द्या.